न्यायालयाची पायरी चढताना

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाच्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. वेळ, पैसा आणि मनःशांती यांचा व्यय टाळावा, भांडण शक्यतो आपसांत मिटवावे, हा तिच्यातील व्यवहारी बोध योग्यच आहे. परंतु दावा लावावा की लावू नये हे ठरविणे ज्याच्या हाती आहे, त्याच्यापुरताच तो बोध खरा आहे. ज्याच्या दारात न्यायालयाचे समन्स येऊन पोहोचले, त्याच्यापुढे असा पर्याय उरलेला नसतो. त्याने न्यायालयाची पायरी चढली नाही, म्हणून खटला थांबत नाही. तो त्याच्या गैरहजेरीत चालतो आणि बहुधा त्याच्या विरुद्ध संपतो.

पुढील उदाहरण पाहावे. एका खेड्यात मजुरी करून मुलांना वाढविणारी एक विधवा स्त्री राहते. पतीच्या निधनानंतर ती ज्या घरात राहते, ते घर आपल्या एकट्याच्या मालकीचे आहे आणि तिने ते रिकामे करून द्यावे, असा दावा तिच्या दिराने तालुका न्यायालयात दाखल केला. एके सकाळी न्यायालयाचा बेलीफ समन्स घेऊन तिच्या दारी आला. 'सही केली तर घर गेले' या भीतीने तिने कागद घेण्यास नकार दिला. बेलीफाने समन्सची प्रत दारावर चिकटविली आणि तसा अहवाल न्यायालयाला सादर केला. 'ज्याने दावा लावला त्याला सिद्ध करू दे, तू कशाला जातेस?' असे शेजाऱ्यांनी सांगितले. नेमल्या तारखेस ती गेली नाही. न्यायालयाने दावा एकतर्फा चालविण्याचा आदेश दिला. दिराने शपथपत्रावर पुरावा दिला, काही कागद हजर केले. त्यांना आव्हान देणारे कोणीच समोर नव्हते. दावा मंजूर झाला. काही महिन्यांनी बेलीफ पुन्हा आला, तो घराचा ताबा घेण्यासाठी.

या स्त्रीची बाजू खरी असेलही. पण न्यायालयापुढे न आलेले सत्य न्यायालयाला दिसत नाही. म्हणूनच न्यायालयाची रचना कशी असते, कागद हाती पडल्यावर काय करावे, तारखेच्या दिवशी काय घडते आणि साक्ष कशी द्यावी, याची माहिती प्रत्येक नागरिकाला असणे आवश्यक आहे.

न्यायालयांची रचना

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालय हे सर्वांत वरचे न्यायालय आहे. त्याखाली पंचवीस उच्च न्यायालये आहेत. १८६२ साली स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात महाराष्ट्र, गोवा, तसेच दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश येतो. परंतु सामान्य माणसाचा संबंध प्रथम येतो तो जिल्हा आणि तालुका पातळीवरील न्यायालयांशी.

या न्यायालयांपुढे येणारी प्रकरणे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. जमीन, घर, वाटणी, उसनवारी, करार यांसारख्या हक्कांविषयीच्या तंट्यास दिवाणी दावा म्हणतात. त्यात दावा लावणारा तो वादी आणि ज्याच्यावर दावा लावला जातो तो प्रतिवादी होय. चोरी, मारहाण, फसवणूक यांसारख्या गुन्ह्यांविषयीचे प्रकरण हा फौजदारी खटला होय. पोलिसांनी दाखल केलेल्या फौजदारी खटल्यात आरोपीच्या विरुद्ध बाजू शासन मांडते. त्यासाठी सरकारी वकील नेमलेला असतो आणि फिर्यादीला त्याची फी द्यावी लागत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी ही दोन्ही पदे पुष्कळदा एकच व्यक्ती सांभाळते. एकाच दालनात जमिनीचा दावाही चालतो आणि मारहाणीचा खटलाही. त्यांच्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा व सत्र न्यायालय असते. तेच न्यायाधीश दिवाणी काम करताना जिल्हा न्यायाधीश आणि गंभीर गुन्ह्यांचे काम करताना सत्र न्यायाधीश म्हणून ओळखले जातात. अनेक ठिकाणी विवाहविषयक प्रकरणांसाठी १९८४ च्या अधिनियमानुसार कौटुंबिक न्यायालये स्थापन झालेली आहेत. आपले प्रकरण यांपैकी कोणत्या न्यायालयात आहे, हे समन्सच्या शिरोभागीच लिहिलेले असते.

समन्स हाती पडल्यावर

समन्स म्हणजे न्यायालयात हजर राहण्याविषयीचा लेखी आदेश. तो घेणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे किंवा समोरच्याचे म्हणणे मान्य करणेही नव्हे. त्यावरील सहीचा अर्थ 'हा कागद मला मिळाला' एवढाच असतो. उलट, समन्स नाकारले तर कायद्याने ठरविलेल्या रीतीने त्याची प्रत दारावर लावता येते आणि बजावणी झाली असे न्यायालय धरू शकते. नकारामुळे कागदातील मजकूर तेवढा आपल्याला कळत नाही. बाकी सर्व परिणाम भोगावे लागतात.

समन्स मिळताच ते शांतपणे वाचावे किंवा विश्वासू व्यक्तीकडून वाचून घ्यावे. न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक, पक्षकारांची नावे, हजर राहण्याची तारीख व वेळ या बाबी प्रथम पाहाव्यात. त्यानंतर आपणास कोणत्या नात्याने बोलाविले आहे, प्रतिवादी म्हणून, आरोपी म्हणून की साक्षीदार म्हणून, हे समजून घ्यावे. दिवाणी समन्ससोबत वादीच्या वादपत्राची प्रत असणे आवश्यक असते. ती मिळाली नसेल तर तसे न्यायालयाच्या निदर्शनास आणून द्यावे. समन्स ज्या दिवशी मिळाले ती तारीख कागदावर लिहून ठेवावी, कारण पुढील मुदत त्या दिवसापासून मोजली जाते.

या संदर्भात कायद्यात झालेला एक बदल लक्षात घेण्याजोगा आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ नुसार समन्समधील व्यक्ती घरी आढळली नाही, तर ते कुटुंबातील प्रौढ पुरुषाकडेच देण्याची तरतूद होती. घरातील स्त्री समन्स स्वीकारण्यास पात्र मानली जात नव्हती. दिनांक १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अमलात आली आणि 'पुरुष' हा शब्द गळाला. आता कुटुंबातील कोणतीही प्रौढ व्यक्ती समन्स स्वीकारू शकते. दिवाणी कायद्यात ही मुभा आधीपासूनच होती. म्हणजेच घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला हा कागद ओळखता येणे आता अधिकच गरजेचे झाले आहे.

वकील आणि मोफत विधी सेवा

कोणत्याही पक्षकाराला आपली बाजू न्यायालयापुढे स्वतः मांडता येते. तरीही कायद्याची भाषा आणि रीत अवघड असल्याने वकिलाचे साहाय्य घेणे हिताचे ठरते. वकील नेमताना त्यांना जो अधिकार लिहून दिला जातो, त्यास वकीलपत्र म्हणतात. त्यावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. मूळ कागदपत्रे दिल्यास त्यांची यादी करून पोच घ्यावी आणि छायाप्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. घडलेली हकीकत वकिलास पूर्णपणे सांगावी. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट लपविली, तर ती पुढे उलटतपासात बाहेर येते आणि त्या वेळी वकिलालाही काही करता येत नाही.

'वकिलाला द्यायला पैसे नाहीत' या कारणाने कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-क समाविष्ट करण्यात आला. त्यास अनुसरून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या अधिनियमानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेल्या व्यक्ती, तसेच ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना मोफत विधी सेवा मिळू शकते. स्त्रियांसाठी उत्पन्नाची अट नाही. वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, कागदपत्रांचा खर्च या सर्वांचा त्या सेवेत समावेश होतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ही कार्यालये सामान्यतः न्यायालयाच्या आवारातच असतात. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते.

गरीब आरोपीने स्वतःहून मागणी केली नाही, एवढ्याच कारणावरून त्याचा मोफत वकिलाचा हक्क नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सुक दास विरुद्ध अरुणाचल प्रदेश या प्रकरणात स्पष्ट केले. ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही तो मागणी कशी करणार, हा विचार त्यामागे होता.

कागदपत्रांची तयारी

न्यायालयात तोंडी सांगण्याइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, महत्त्व लेखी पुराव्यास असते. म्हणून पहिल्या तारखेपूर्वीच घरातील कागद शोधून काढावेत. जमिनीच्या बाबतीत सातबाराचा उतारा व फेरफाराच्या नोंदी, गावातील घराच्या बाबतीत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरातील मिळकतीसाठी मिळकत पत्रिका, याशिवाय खरेदीखत, मृत्युपत्र, करारपत्र, पावत्या, बँकेचे पासबुक, विजेची देयके, शिधापत्रिका, जन्म-मृत्यूचे दाखले यांपैकी जे प्रकरणाशी संबंधित असेल ते एकत्र करावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केवळ घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होते असे नाही. मात्र त्या घरात आपण किती वर्षे राहत आहोत, हे दाखविण्यास तिचा उपयोग होतो. प्रत्येक कागद काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करीत नाही, हे वकिलाकडून समजून घ्यावे.

कागद तारखेच्या क्रमाने लावून एका धारिकेत ठेवावेत. घटनांची साधी टिपणे करावीत: कोणत्या वर्षी काय घडले, त्या वेळी तेथे कोण होते, कोणता कागद झाला. ज्याची शाळा मध्येच सुटली आहे आणि जो आता नव्याने लिहू-वाचू लागला आहे, त्यालाही हे काम स्वतःच्या हाताने करता येण्याजोगे आहे. असे टिपण वकिलाचा वेळ वाचविते आणि साक्षीच्या वेळी स्मरणास आधार देते.

दिवाणी दाव्याचे टप्पे

वादीच्या वादपत्राने दावा सुरू होतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रतिवादीने आपले लेखी उत्तर द्यावयाचे असते. त्यास लेखी कैफियत म्हणतात. योग्य कारण दाखविल्यास न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतरची सवलत अगदी अपवादानेच मिळते. वादपत्रातील जे विधान खोटे असेल ते कैफियतीत स्पष्ट शब्दांत नाकारावे लागते. न नाकारलेले विधान मान्य केले, असे समजले जाऊ शकते.

दोन्ही बाजू वाचून, नेमका वाद कशाबद्दल आहे ते न्यायालय ठरविते. यास वादमुद्दे निश्चित करणे म्हणतात. नंतर पुराव्याचा टप्पा येतो. साक्षीदार आपले म्हणणे प्रथम शपथपत्रावर मांडतो. ही त्याची सरतपासणी होय. मग विरुद्ध बाजूचे वकील त्याला प्रश्न विचारतात, हा उलटतपास. न्यायालयाने पुराव्यात स्वीकारलेल्या कागदास निशाणी क्रमांक मिळतो. शेवटी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद होतात आणि न्यायनिर्णय दिला जातो. त्यानुसार जो औपचारिक आदेश तयार होतो, तो हुकूमनामा होय.

हे सारे एका दिवसात घडत नाही. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. त्यामुळे तारखेमागून तारीख पडते आणि पक्षकार कंटाळतो. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. प्रत्यक्षात न्यायालये विशेष कारणांसाठी त्याहून अधिक तहकुबी देतात. कंटाळून जाणे सोडणारा पक्षकार मात्र स्वतःचेच नुकसान करतो. प्रतिवादी गैरहजर राहिला तर दावा एकतर्फा चालतो, वादी गैरहजर राहिला तर त्याचा दावा काढून टाकला जाऊ शकतो.

तारखेच्या दिवशी

त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी न्यायालयाच्या दालनाबाहेर लावलेली असते. तिला बोर्ड म्हणतात. न्यायालयात वेळेपूर्वी पोहोचून बोर्डावरील आपला अनुक्रमांक पाहावा आणि वकिलाची भेट घ्यावी. पाळी आली की शिपाई पक्षकारांची नावे मोठ्याने पुकारतो. हा पुकारा होताच आत जावे. पुकाऱ्याच्या वेळी चहासाठी बाहेर गेलेला माणूस न्यायालयाच्या दृष्टीने गैरहजरच असतो.

पोशाख स्वच्छ व साधा असावा. त्यासाठी नवे कपडे घेण्याची आवश्यकता नाही. भ्रमणध्वनी बंद ठेवावा. न्यायाधीश आसनस्थ होताना उभे राहावे. कनिष्ठ न्यायालयांत न्यायाधीशांना 'सर' किंवा प्रादेशिक भाषेतील तशाच अर्थाच्या शब्दाने संबोधता येते, असा नियम भारतीय वकील परिषदेने २००६ मध्ये केला. मराठीत 'साहेब' किंवा 'महोदय' म्हणणे पुरेसे आहे. समोरचा पक्ष खोटे बोलत आहे असे वाटले तरी मध्येच ओरडू नये. आपले म्हणणे आपली पाळी आल्यावर मांडावे.

दिवाणी दाव्यात वकील हजर असल्यास पक्षकाराने प्रत्येक तारखेला उपस्थित राहणे आवश्यक नसते. तथापि त्या दिवशी काय झाले आणि पुढील तारीख कोणती, हे त्याने विचारलेच पाहिजे. प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद रोजनाम्यात होते. आता देशातील प्रत्येक प्रकरणास सोळा अंकाक्षरांचा एक सीएनआर क्रमांक दिलेला असतो. ई-कोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर किंवा भ्रमणध्वनीवरील अॅपमध्ये तो क्रमांक घातला की पुढील तारीख व प्रकरणाचा टप्पा विनामूल्य पाहता येतो. परगावी मजुरीस गेलेल्या माणसाला ही सोय विशेष उपयोगाची आहे.

साक्ष देताना

साक्ष देण्यापूर्वी साक्षीदाराला शपथ दिली जाते. चित्रपटांत दाखवितात त्याप्रमाणे धर्मग्रंथावर हात ठेवणे शपथ अधिनियम, १९६९ मधील नमुन्यात नाही. ईश्वराला स्मरून शपथ घेता येते. ज्याला तसे करावयाचे नसेल त्याला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. दोन्हींचे कायदेशीर मूल्य सारखेच आहे. न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटी साक्ष देणे हा सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

प्रश्न पूर्ण ऐकावा, समजला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी आणि विचारले तेवढेच उत्तर द्यावे. जे स्वतः पाहिले, ऐकले किंवा केले तेच सांगावे. ऐकीव माहिती स्वतःची म्हणून सांगू नये. एखादी गोष्ट आठवत नसेल तर 'आठवत नाही' असे सांगण्यात कमीपणा नाही. अंदाजाने दिलेली तारीख चुकली की उरलेल्या खऱ्या साक्षीवरही संशय येतो. उलटतपासात विरुद्ध बाजूचे वकील 'तुम्ही खोटे सांगत आहात, असे माझे म्हणणे आहे' अशा प्रकारचे प्रश्न विचारतात. तो त्यांच्या कामाचा भाग आहे, तो वैयक्तिक अपमान नव्हे. रागावून दिलेले उत्तर नेमके त्यांनाच हवे असते. साक्षीवर सही करण्यापूर्वी ती वाचून पाहावी किंवा वाचून घ्यावी आणि लिहिताना चूक झाली असल्यास लगेच निदर्शनास आणावी.

फौजदारी प्रकरणी साक्षीसाठी बोलाविलेल्या व्यक्तीस प्रवास व इतर वाजवी खर्च मिळण्याची तरतूद आहे. साक्षीदारास धमकी येत असल्यास संरक्षण मागता येते. यासाठीची साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली.

फौजदारी खटल्यातील विशेष बाबी

अटक झालेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा तिला हक्क आहे. या दोन्ही गोष्टींची हमी राज्यघटनेचा अनुच्छेद २२ देतो. स्वतःच्या विरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणत्याही आरोपीवर करता येत नाही, असे अनुच्छेद २० सांगतो. दोषारोपपत्राची व त्यासोबतच्या कागदांची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षावर असते आणि वाजवी संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

दिवाणी दाव्याहून एक महत्त्वाचा फरक येथे आहे. जामिनावर असलेल्या आरोपीने सामान्यतः प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहावे लागते. आजारपण किंवा तशीच खरी अडचण असेल, तर वकिलामार्फत त्या दिवसापुरता हजेरी माफीचा अर्ज द्यावा. न सांगता गैरहजर राहिल्यास न्यायालय वॉरंट काढू शकते आणि जामीनदारही अडचणीत येतो. ज्याने ओळखीखातर आपल्यासाठी जामीन दिला, त्याच्या विश्वासाचा प्रश्नही आपल्या हजेरीशी जोडलेला असतो.

न्यायालयाची भाषा

महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तथापि अनेक कागद व युक्तिवाद इंग्रजीतही असतात. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. महाराष्ट्राबाहेर इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी भाषकाचा संबंध त्या त्या राज्याने ठरविलेल्या न्यायालयीन भाषेशी येतो. ती भाषा समजत नसेल तर गप्प राहू नये. फौजदारी खटल्यात आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष दिली गेली, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली जावी, अशी कायद्यातच तरतूद आहे. साक्षीदारालाही आपल्या भाषेत साक्ष देऊन दुभाष्यामार्फत तिचे भाषांतर करून घेण्याची विनंती करता येते. अर्धवट समजलेल्या भाषेत 'हो' म्हणण्यापेक्षा 'मला ही भाषा समजत नाही' असे सांगणे केव्हाही हिताचे.

तडजोड आणि लोकअदालत

तंटा आपसांत मिटविण्याचा म्हणीतील सल्ला न्यायालयात गेल्यानंतरही अमलात आणता येतो. न्यायालय योग्य प्रकरणे मध्यस्थीकडे पाठवू शकते. लोकअदालतीत दोन्ही पक्षांची संमती असेल तरच तडजोड होते. झालेल्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. मात्र त्या निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून तडजोडीच्या अटी पूर्ण समजल्याशिवाय, कोणाच्या दडपणाखाली किंवा केवळ दमल्यामुळे तीवर सही करू नये. दोघांनीही थोडे सोडले आणि दोघांचेही काही राखले गेले, तरच ती खरी तडजोड होय.

निकालानंतर

निकाल लागताच त्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करावा. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करण्यासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत असते. नक्कल मिळण्यास लागलेला वेळ त्यातून वगळला जातो. निकाल आपल्या बाजूने लागला तरी समोरचा पक्ष तो पाळीलच असे नाही. अशा वेळी अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करावी लागते. निकाल लागला म्हणून प्रकरणाची धारिका लगेच बाजूला टाकू नये.

आता आरंभीच्या उदाहरणातील स्त्रीकडे पुन्हा वळावे. एकतर्फा हुकूमनामा रद्द करण्यासाठी तीस दिवसांच्या आत अर्ज करण्याची तरतूद तिच्यासाठीही आहे. अपिलाचा मार्गही आहे. परंतु गैरहजर राहण्याचे पुरेसे कारण तिला दाखवावे लागेल, आणि समन्स नाकारणे हे काही पुरेसे कारण नव्हे. मुदत टळून गेली असेल तर त्या विलंबाचेही कारण द्यावे लागेल. दार पूर्ण बंद झालेले नाही, पण ते पुष्कळ अरुंद झाले आहे.

तिने त्या सकाळी समन्स घेतले असते, तारीख पाहिली असती आणि तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात जाऊन वकील मागितला असता, तर तिला एक पैसाही खर्च न करता आपली कैफियत मांडता आली असती. पतीचा मृत्यूचा दाखला, नमुना ८ चा उतारा, वर्षानुवर्षांच्या पावत्या न्यायालयापुढे आल्या असत्या. दिराच्या साक्षीला प्रश्न विचारले गेले असते. तिचा विजय झालाच असता असे कोणी सांगू शकत नाही. पण तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून तिच्या घराचा निर्णय झाला नसता.

न्यायालय हे भीतीचे ठिकाण नाही, तसेच ते चमत्काराचेही ठिकाण नाही. कोणाचे म्हणणे खरे, हे दोन्ही बाजू ऐकून ठरविण्याची ती एक रीत आहे. आणि ऐकून घेण्यासाठी माणूस समोर यावा लागतो. विनाकारण कोर्टाची पायरी न चढणे हे शहाणपण खरेच. पण बोलावणे आल्यावर कागद वाचून, पूर्ण तयारीनिशी आणि वेळेवर ती पायरी चढणे, हेही तितकेच मोठे शहाणपण आहे.